हबला हात लावलास काय?

आम्ही आमचा राहता ट्रेलर घेऊन रस्त्यावर असलो की रोज संध्याकाळी सांगलीहून आण्णांचा फोन येतो. तिकडे तेव्हा सकाळचा चहा झालेला असतो. पहिला प्रश्न ठरलेला, "हबला हात लावलास काय गं?" जेवणखाण, हवापाणी सगळं नंतर.

आण्णांनी तीस वर्षं ट्रक चालवला. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद आणि गूळ भरून मुंबई. खंबाटकीला तेव्हा बोगदा नव्हता. घाट उतरला की ते गाडी बाजूला घ्यायचे, क्लीनर चाकाला दगड लावायचा आणि आण्णा एकेका चाकापाशी वाकून हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, तळवा टेकवायचे. शाळेच्या सुट्टीत मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले होते. हात तीन-चार सेकंद टिकला तर ठीक, चटकन काढावा लागला तर आत काहीतरी बिघडलंय, एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. मिनेसोटात येऊन सोळा वर्षं झाल्यावर ते उपयोगी पडेल असं तेव्हा कुणाच्या मनात येणार!

आमचा ट्रेलर ज्या प्रकारचा आहे त्याला इकडे फिफ्थ व्हील म्हणतात. घोडागाड्यांचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं लोखंडी चाक बसवत. चार चाकांवरचं ते पाचवं, त्यावरून हे नाव. जेएनपीटीहून निघणारे कंटेनरचे ट्रेलर तुम्ही पाहिले असतीलच. ओढणाऱ्या गाडीवर टर्नटेबल, म्हणजे जाड लोखंडी तबक, आणि ट्रेलरच्या पोटाला त्यात अडकणारी किंगपिन नावाची खुंटी असते, तीच जोडणी इथे लहान आकारात, पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेली. विमानविद्येतले मोठे नाव ग्लेन कर्टिस यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस एरोकार नावाचा असाच राहता ट्रेलर काढला होता. आमचा ३३ फूट लांब आहे. आत पलंग, ओटा, तीन बर्नरची शेगडी, न्हाणी. आईने फोटो बघून विचारलं, देव्हारा कुठे? तोही आहे, कपाटात, दार लावून घेता येतो असा.

ही जोडणी मला मनापासून आवडते, कारण तिच्यामागचं गणित बैलगाडीचं आहे. गाडीत मागे माल जास्त झाला की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं. साध्या हुकाच्या ट्रेलरमध्येही भार मागे गेला की तो शेपटीसारखा डुलायला लागतो आणि ओढणारी गाडीसुद्धा हलवतो. फिफ्थ व्हीलमध्ये ट्रेलरचा साधारण पाचवा हिस्सा भार ट्रकच्या मागच्या आसावरच येतो. म्हणून तो स्थिर चालतो. पण तो भार ट्रकला पाठीवर घ्यावा लागतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

जाहिरातीत ट्रक किती ओढतो ते मोठ्या अक्षरांत असतं. पाठीवर किती पेलतो ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एका छोट्या पिवळ्या चिठ्ठीत. आमच्या ट्रेलरचं भरलेलं वजन १२,००० पौंड, म्हणजे सुमारे ५,४४० किलो. त्याचा पाचवा हिस्सा जवळजवळ १,०९० किलो. वर आम्ही दोघं, हौद्यातली जोडणी, हत्यारं. आधी बघितलेला ट्रक हे ओझं सहज ओढत होता, पण चिठ्ठीवर पाठीचा आकडा १,००० किलोच्या आत होता. विकणारा म्हणाला, काही होत नाही, सगळे असेच नेतात. आम्ही तो घेतला नाही. एक पायरी वरचा डिझेल ट्रक घेतला आणि त्यासाठी एक वर्ष थांबलो. आजही लांबच्या प्रवासाला निघताना सामान भरून झालं की ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जातो. पाण्याची टाकी २२७ लिटरची आहे. ती काठोकाठ भरली की २२७ किलो वाढले. म्हणून पाणी अर्ध्याच्याही खाली ठेवून निघायचं आणि मुक्कामाच्या जागी भरायचं.

जोडताना बोलायचं नाही, हा आमच्या दोघांमधला नियम. नवरा मागे उभा राहून हात दाखवतो, मी ट्रक मागे घेते. ट्रेलरची पाटी ट्रकमधल्या तबकापेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे तबक तिला अलगद उचलून घेतं आणि पिन जबड्यात नीट बसते. पिन वर राहिली तर जबडा मिटल्यासारखा दिसतो, पण मिटलेला नसतो. तसंच निघालात तर ट्रेलर ट्रकच्या हौद्याच्या कडांवर आदळतो. म्हणून टॉर्च लावून डोळ्यांनी बघायचं. मग ट्रेलरचे पाय जमिनीवरच ठेवून त्याचे ब्रेक हाताच्या कळीने दाबायचे आणि ट्रक हलकेच पुढे ओढून बघायचा. सुटला नाही तरच पाय वर घ्यायचे. वायरचा प्लग आणि ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार, ही दोन्ही लावल्याचं एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने जाऊन हात लावून बघायचं.

२०२३च्या जुलैमध्ये आमचा एक टायर फुटला. साउथ डकोटात, आय-९० महामार्गावर, मिझुरी नदी ओलांडून पश्चिमेला गेल्यावर. तिथे वेगमर्यादा ताशी ८० मैल आहे. मी ६२ने चालले होते. ट्रकमध्ये मला काहीही जाणवलं नाही. मागच्या ट्रकवाल्याने दिवे मारले, मारतच राहिला, तेव्हा बाजूला घेतलं. टायरच्या चिंध्यांनी चाकावरचा पत्रा आणि खालचा सांडपाण्याचा पाइप फाडला होता. रस्त्याच्या कडेला दोन तास, शेजारून मोठाले ट्रक वारा सोडत जाणारे. स्टेपनी लावून आम्ही रॅपिड सिटी गाठली तेव्हा माझे हात थरथरत होते.

तो ट्रेलर आम्ही त्याच वर्षी सेकंडहँड घेतला होता. टायर नव्यासारखे आहेत असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, आणि नक्षी खरंच नव्यासारखी होती. टायरच्या कडेवरचे चार आकडे मात्र आम्ही वाचले नव्हते: २७१६. म्हणजे २०१६चा सत्ताविसावा आठवडा. सात वर्षांचे टायर! ट्रेलर बहुतेक दिवस उभाच असतो. नक्षी झिजत नाही, पण रबर उन्हाने आतून म्हातारं होतं. रॅपिड सिटीतच चारही टायर बदलले. आता पाच वर्षं झाली की नक्षी कशीही असो, बदलणार. हवा ८० पीएसआय, सकाळी टायर थंड असताना. दुपारी आकडा चढलेला दिसला तरी सोडायची नाही, ती उष्णतेची असते. चाक बसवल्यावर नट १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा आवळायचे.

छतावर रबराची चादर असते. झरोक्यांच्या कडेने लावलेलं सीलंट तडकलं की पाणी आत शिरतं आणि प्लायवूड कुजल्यावरच कळतं. दर तीन महिन्यांनी शिडी लावून वर जाते. आणि संडासाचं काय, हे सगळेच विचारतात, तर त्याची वेगळी टाकी असते. ठरलेल्या जागी जाड पाइप लावून ती रिकामी करायची, त्यानंतर आंघोळीच्या आणि ओट्याच्या पाण्याची, म्हणजे पाइप धुऊन निघतो.

यंदा जूनमध्ये यलोस्टोन नॅशनल पार्कला निघालो. तिथल्या फिशिंग ब्रिजच्या तळावर जागा मिळाली होती. पार्कमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या एकाच तळावर आहेत, तो हा. तिथे ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने तंबूंना परवानगी नाही, भक्कम भिंतींचीच वाहनं चालतात. वायोमिंगमध्ये बिगहॉर्न डोंगर ओलांडायला तीन रस्ते आहेत. त्यातल्या १४ए ला दहा टक्क्यांचा उतार आहे, तिकडे मी ट्रेलर नेणार नाही. आम्ही यूएस-१६ घेतला. पावडर रिव्हर पास, ९,६६६ फूट. वर बर्फाचे पट्टे अजून शिल्लक होते आणि गवतात पिवळी फुलं. तिथून टेन स्लीप गावापर्यंत पाच हजार फुटांहून जास्त उतार.

ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे आण्णांचं वाक्य. ट्रकचा एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या धुराची वाट आवळून गाडी धरणारा ब्रेक, लावला, गिअर खाली घेतला. वेग वाढला की ब्रेक एकदा घट्ट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. पाय ठेवून रेंगाळायचं नाही, नाहीतर ड्रम तापून ब्रेक धरायचेच बंद होतात. घाटाच्या पायथ्याशी मोकळी जागा दिसताच बाजूला घेतलं. नवऱ्याने चाकाला ठोकळे लावले. मी डावीकडून सुरुवात केली. पुढचा हब गरम, पण हात टिकला. मागच्याजवळ हात नेला आणि टेकवण्याआधीच धग लागली.

थर्मामीटरची बंदूक आणली. ५८, ६१, ६० आणि या हबचे ९७ अंश. वसंतात एका गॅरेजमध्ये त्या चाकाचे ब्रेकशू बदलून घेतले होते. ते घट्ट बसवलेले होते आणि सपाट रस्त्यावर तेवढं कळलं नव्हतं. अर्धा तास निवू दिलं. जॅक फ्रेमला लावला, आसाला नाही, आस वाकतो. ड्रमच्या मागचं रबरी बूच काढलं आणि आतलं दातेरी चाक स्क्रूड्रायव्हरने थोडं थोडं सैल केलं. प्रत्येक वेळी टायर हाताने फिरवून बघितला. किंचित घासल्याचा आवाज येतोय पण चाक मोकळं फिरतंय, तिथे थांबलो. बेअरिंगचं ग्रीस बाहेर आलेलं नव्हतं, त्याचा वासही नव्हता. मग निघालो.

वोर्लंडला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. चारही हबना हात लावला, मग बंदूक: ४१, ४२, ४१, ४३. कुकर लावला, तोवर फोन वाजला.

"हबला हात लावलास काय गं?"

"लावला आण्णा. मागचा डावा तापला होता, ब्रेक धरत होता. सैल केला."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "कुठल्या बाजूला किती दात फिरवलंस, ते नीट सांग."