आरटीईची प्रतीक्षा यादी आणि कोकणातले कागद

गौरी-गणपतीला अख्खं घर गावी जमलेलं असतं. पुढच्या जूनमध्ये पोर पहिलीला जाणार असेल आणि आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळेत राखलेल्या जागेवर, प्रवेश घ्यायचा विचार असेल, तर काम तेव्हाच सुरू करायचं. अर्ज सुटायची तारीख दर वर्षी बदलते. २०२५-२६ साठी ते १४ जानेवारीला सुरू झाले आणि १० फेब्रुवारीला सोडतही निघाली, म्हणजे मध्ये पुरता महिनासुद्धा मिळाला नाही. त्या वर्षी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज ३ लाखांच्या वर गेले. सोडत आपल्या हातात नाही, पण सोडतीत नंबर लागूनही कागदापायी जागा घालवणारे पालक दर वर्षी दिसतात, आणि ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

नियम थोडक्यात असा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. अल्पसंख्याक शाळांना हे लागू नाही, त्यामुळे आपल्या शहरातली एखादी नावाजलेली शाळा यादीत दिसली नाही तर चूक शोधत बसू नका. पहिलीसाठी मुलाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण हवीत.

इथेच पहिला घोळ होतो. कुणबी, भंडारी अशा ओबीसी घरांतले पालक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेपा घालतात. ही घरं वंचित घटकात येतात आणि त्यातून अर्ज करताना उत्पन्नाचा दाखला लागतच नाही, जातीचा लागतो. १ लाखाच्या आतल्या उत्पन्नाची अट आहे ती दुर्बल घटकाला, म्हणजे आरक्षणात न येणाऱ्या कुटुंबांना. दिव्यांग मुलासाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला हवा.

जातीचा दाखला काढलेला नसेल तर ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा गावच्या शाळेत दुसरी-तिसरीपर्यंत गेलेले असतात. त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांची ओळ असते: जाडजूड, कडा वाळवीने खाल्लेली वही, निळ्या-काळ्या शाईतलं मोडी वळणाचं अक्षर आणि जातीच्या रकान्यात एकच शब्द. मुख्याध्यापक त्या नोंदीचा निर्गम उतारा सही-शिक्क्यासह देतात. पण सणाच्या दिवसांत शाळेला सुट्टी असते, म्हणून मुंबईहून आलेल्या माणसाने विसर्जनानंतर दोन दिवस थांबूनच परतीची गाडी धरावी. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ बघायचा. प्रांत कार्यालयातून दाखला हातात पडायला महिना-दीड महिना धरून चाला. प्रवेशाचे अर्ज सुटल्यावर दाखला काढायला गेलात तर तो वेळेत मिळत नाही, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरचा दाखला पडताळणीत चालत नाही.

जन्मदाखला पेटीतून काढून आजच नीट वाचा. ग्रामपंचायतीत नोंद बारशाआधी झालेली असली तर मुलाच्या नावाचा रकाना मोकळा असतो. जिथे जन्माची नोंद आहे तिथेच नाव घालून घ्यायचं, म्हणजे बाळंतपण जिल्हा रुग्णालयात झालं असेल तर गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. आधारवरचं स्पेलिंग आणि या दाखल्यावरचं स्पेलिंग एक हवं.

राहण्याच्या पुराव्यात कोकणातली घरं हमखास अडकतात. घरपट्टी आजोबांच्या नावावर, रेशनकार्ड गावचं, वडील कामाला लोट्याच्या एमआयडीसीत आणि बिऱ्हाड भाड्याने खेडला किंवा चिपळूणला. शाळा शहरातली हवी तर पत्ताही तिथलाच दाखवावा लागतो. भाड्याच्या घरासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला भाडेकरार लागतो. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणलेला करार चालत नाही. करार अर्जाच्या तारखेआधीचा आणि किमान ११ महिन्यांचा असावा. घरमालक नोंदणीला कांकू करतात, तेव्हा बोलणी दिवाळीआधीच उरका. आणि प्रत्यक्ष तिथे राहत असाल तरच हा पत्ता द्या, कारण पडताळणी समितीने चौकशी केली आणि घराला कुलूप निघालं तर प्रवेश रद्द होतो.

आता नकाशावरचा फुगा. अर्जात गुगल मॅपवर लाल फुगा ओढून आपलं घर दाखवायचं असतं आणि त्यावरून शाळेचं अंतर ठरतं. सायबर कॅफेतला मुलगा वाडीचं नाव टाकतो, नकाशाला वाडी सापडत नाही, मग फुगा ग्रामपंचायतीवर नाहीतर बाजारपेठेत टेकतो. एका गावच्या दोन वाड्यांत दोन-तीन किलोमीटर सहज असतात, तेव्हा ही चूक साधी नाही. त्यापेक्षा घराच्या खळ्यात, झाडाच्या सावलीबाहेर उभं राहून मोबाईलवर आपलं ठिकाण उघडा आणि अक्षांश-रेखांश कागदावर लिहून घ्या. रेंज नसली तरी जीपीएस चालतं. अर्ज भरताना तेच आकडे टाकायला लावा.

हे अंतर सरळ रेषेत मोजलं जातं. डोंगर आणि खाडी त्यात धरलेली नाही. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर आहेत, मध्ये वाशिष्ठीची खाडी. नकाशावर पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर, पण फेरीबोट चुकली की चिपळूणवरून वळसा. पावसाळ्यात सहा वर्षांचं पोर रोज त्या वाटेने जाणार का, याचा विचार शाळा निवडण्याआधी करा. १० शाळांपर्यंत निवडता येतात म्हणून दहाही भरायच्या असं नाही. नंबर लागला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांत नाव येत नाही. जिथे खरोखर पाठवाल तेवढ्याच शाळा टाका. आणि एका मुलाचे दोन अर्ज भरू नका, दोन्ही बाद होतात.

प्रतीक्षा यादी समजून घ्यायची तर हेच अंतर कळायला हवं. गेली काही वर्षं रचना अशी राहिली आहे: आधी १ किलोमीटरच्या आतली मुलं, जागा उरल्या तर १ ते ३ किलोमीटरची, त्यानंतर बाकीची. (त्या त्या वर्षीची सूचना मात्र वाचाच.) शहराच्या मध्यातल्या शाळेत पहिल्या किलोमीटरातच जागांच्या दुप्पट अर्ज असले, तर अडीच किलोमीटरवरून यादीत असलेल्या नावाला फारशी आशा नसते. त्यापेक्षा घराजवळची, कमी नाव असलेली शाळा बरी.

निवड झालेल्यांपैकी कुणी मुंबईला बिऱ्हाड हलवतं, कुणाचे कागद पडताळणीत नापास होतात, कुणाला मिळालेली शाळा नको असते. त्या रिकाम्या जागांवर प्रतीक्षा यादी टप्प्याटप्प्याने वर सरकते. पहिल्या टप्प्यात बरीच हालचाल असते, पुढे तुरळक. एसएमएस येतो, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. डोंगराआड मेसेज चार दिवसांनी पोहोचतो आणि मुदत तोवर संपलेली असते. आरटीईच्या पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून एक दिवसाआड स्वतः बघा. नंबर लागला की थेट शाळेत जायचं नसतं. अलॉटमेंट लेटर आणि हमीपत्राची प्रिंट, मूळ कागद आणि झेरॉक्सचा संच घेऊन आधी तालुक्याच्या पडताळणी समितीकडे, मग शाळेकडे. समितीने नाकारलं तर कारण लेखी मागा आणि लेखी तक्रार द्या.

यादी हलेपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घालून ठेवा. तिथे रांग नाही आणि मुलाचा जून वाया जात नाही. वेळापत्रकाचा भरवसा नसतो. ९ फेब्रुवारी २०२४ ला शासनाने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट दिली, मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्दच केली. न्यायालयाचा निर्णय योग्यच होता, पण तोपर्यंत निम्मा पावसाळा सरला होता आणि हजारो पोरं घरी बसून होती.

शाळा या मुलांकडे कधी नाखुशीने बघतात, त्याचं एक कारण पैशाचं आहे. शासन एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरवतं आणि तेही वर्षानुवर्षं थकवतं. त्याचा भार पालकांवर टाकायचा शाळेला अधिकार नाही. शिकवणी फी मागितली तर पावती मागा आणि लेखी तक्रार करा. बसचे पैसे मात्र आपल्यालाच भरावे लागतात, ते आधीच विचारून घ्या. ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीपासून त्याच शाळेची पूर्ण फी लागू होते, म्हणून प्रवेश घेतानाच नववीची आजची फी किती आहे हे कार्यालयात विचारून लिहून ठेवा, आणि जवळची अनुदानित माध्यमिक शाळा कुठली, तेही.