आमची वाटचाल: चाकूच्या कामासाठी परवडणारी बँडसॉ शोधताना

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीच्या मागच्या बाजूला आमचं टिनाचं शेड आहे. २०१६ ला मी आणि लहान भाऊ दोघांनी काम सुरू केलं तेव्हा बाबांची भट्टी, ऐरण, भात्याच्या जागी लावलेला ब्लोअर आणि एक चार इंची ग्राइंडर, बस एवढंच सामान होतं. बाबांनी आयुष्यभर विळे, पावशी, सुऱ्या केल्या, तेच आम्ही पुढे नेलं. आज काटोल-कळमेश्वरकडचे संत्रेवाले जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरायला, म्हणजे कलम करायला, आमचा कलम चाकू नेतात आणि सावजी खानावळीवाले मटणाच्या सुऱ्या नेतात. पण मला आज सांगायचंय ते बँडसॉबद्दल, म्हणजे दोन चाकांवर पळणाऱ्या दातेरी पट्ट्याने कापणाऱ्या मशीनबद्दल, कारण चाकूचं काम सुरू करणारी पोरं सगळ्यात जास्त हेच विचारतात की भाऊ स्वस्तातली कोणती घेऊ.

आधी आम्ही सगळं ग्राइंडरवरच कापायचो. इतवारीतल्या लोहाओळीतून ईएन-३१ स्टीलची पट्टी आणायची, त्यावर पत्र्याचा साचा ठेवून खडूने आखायचं आणि कटिंग व्हील लावून सरळ सरळ तुकडे पाडायचे. व्हील वळत नाही, त्यामुळे पोटाचा बाक, मुठीचा खाच, सगळं घासायच्या मशीनच्या बेल्टवर घासून काढावं लागायचं, त्यात बेल्ट संपायचे, आणि कडा निळ्या पडायच्या त्या वेगळ्याच. मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात टिनाखाली ठिणग्या अंगावर घेत दिवसाला आठ-दहा पाती निघाली तरी खूप झालं असं वाटायचं. एकदा व्हील अडकून फुटलं आणि तुकडा भावाच्या चष्म्यावर बसला, चष्मा होता म्हणून डोळा वाचला. त्याच दिवशी ठरवलं की आता बँडसॉ घ्यायचीच.

तेव्हा पैसे कमी होते. एका फर्निचरवाल्याची जुनी चौदा इंच चाकाची मशीन विकायला निघाली होती, लाकडाची. मला वाटलं बँडसॉ ती बँडसॉ, लोखंडाचा पट्टा चढवला की झालं. बाबांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री काका होते, त्यांनी पाहिलं न म्हणाले, "भाऊ, हे लाकडाची मशीन हाय, हिले लोखंड देशीन तं दात राहणार नाही." मी ऐकलं नाही. पहिल्याच पट्टीत दोन इंच कापून झालं नसेल, पट्टा लाल झाला आणि दात पार गुळगुळीत. नवा पट्टा गेला.

मग काकांनीच बसवून हिशोब करायला लावला, तो मी आजही प्रत्येकाला सांगतो. चौदा इंच चाकाचा घेर साधारण १.१ मीटर. ते मिनिटाला सातशे-सव्वासातशे फेरे घेतं, म्हणजे पट्टा मिनिटाला जवळपास ८०० मीटर पळतो. लाकडाला तो वेग बरोबर आहे. पण ईएन-३१ किंवा डी-२ सारखं स्टील नरम केलेलं असलं तरी त्याला मिनिटाला २५-३० मीटरच पाहिजे, म्हणजे पंचवीस-तीस पट हळू. पुली बदलून एवढं उतरत नाही. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावू म्हटलं तर पन्नास हर्ट्झवरून दोनच्याही खाली यावं लागतं, तिथे मोटरला जोर राहत नाही आणि तिचा स्वतःचा पंखाही हळू झाल्यामुळे ती तापते. वेग एकदम उतरवणारा वर्म गिअरबॉक्स टाकता येतो, बरेच जण टाकतात, मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरला एकास चाळीसचा लावला की ३६ फेरे येतात, त्यापुढे पुलीने अजून थोडं कमी करायचं. आम्हीही कबाडीत गिअरबॉक्स शोधत फिरलो, पण चांगला गिअरबॉक्स, त्याचं फाउंडेशन, शाफ्ट, पुली सगळं जोडून जो खर्च दिसला त्यात थोडे टाकले तर तयार मशीनच येत होती.

तेव्हा समोर तीन रस्ते होते. एक मोठी सात इंची आडवी हायड्रॉलिक, ती गोल सळया कापायला फार चांगली पण थ्री फेज लागते आणि उभी करून हाताने आकार कापता येत नाही, आमच्या कामाची नव्हती. दुसरी हातात धरायची पोर्टेबल, जी उलटी बांधून वर छोटं टेबल लावतात, जागा कमी लागते आणि वेगही कमी करता येतो, आमचं बजेट अजून कमी असतं तर मी तीच घेतली असती. तिसरी साडेचार इंची, ११५ मिलिमीटरवाली, जिची फ्रेम आडवीही चालते आणि उभीही होते. सिंगल फेज, छोटी मोटर, आत वर्म गिअर आणि पट्ट्याचे वेग तीन, मिनिटाला २०, २९ आणि ५० मीटर. हे तीन आकडे पाहिले न मला दुसरं काही पाहायची गरजच वाटली नाही. बुटीबोरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे वापरलेली होती, बावीस हजारात घेतली आणि टेम्पोत टाकून आणली.

मशीन स्वस्त आहे तर ती आल्या आल्या सरळ कापत नाही, हे धरून चालायचं. आमची मशीन पट्टा चाकावरून पाडत होती आणि काप तिरपा जात होता. दोन रविवार गेले त्यात. गाइडच्या बेअरिंगी बदलल्या, पट्टा टेबलाला काटकोनात आहे का ते गुण्या लावून पाहिलं, चाकाचा कल थोडा थोडा फिरवत पट्टा कडेला धरून पळेल असा आणला. सोबत आलेलं टेबल पत्र्याचं होतं, हात ठेवला की दबायचं, ते काढून दहा मिलिमीटरच्या प्लेटचं स्वतः केलं. मी तर म्हणेन बावीस हजारांपेक्षा त्या दोन रविवारांनीच मशीन खरी आमची झाली.

पट्ट्यावर मात्र पैसे वाचवू नका. सुरुवातीला साधा कार्बनचा लावला, तीन दिवसांत बोथट. मग बायमेटल, म्हणजे दोन धातू जोडून केलेला, आणला, ज्याचे दात एम-४२ नावाच्या स्टीलचे असतात, त्यात आठ टक्के कोबाल्ट असतं म्हणून ते गरमीत टिकतात, तो दोन महिने चालला. या मशीनला १६४० बाय १३ बाय ०.६५ मिलिमीटरचा (लांबी, रुंदी, जाडी) लागतो, दुकानात कॉइलमधून मापाने तोडून वेल्ड करून देतात. एका दुकानाचं वेल्ड असं होतं की जोड आला की पट्टी उडायची, तेव्हापासून मी जोडावरून बोट फिरवून पाहिल्याशिवाय पट्टा घेत नाही. दातांचा हिशोब असा की कापायच्या जाडीत साधारण तीन दात तरी बसले पाहिजेत. चार मिलिमीटरच्या पट्टीला इंचाला १८ दात, तीन मिलिमीटरला २४. कमी दातांचा पट्टा वेगात कापेल असं वाटतं आणि बारीक पट्टीत तोच दात पकडून मोडतो. नवा पट्टा पहिले काही काप हलक्या हाताने चालवायचा. आणि मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, कितीही हात काळे झाले तरी, पट्टी पुढे सरकवायला लाकडाचा तुकडा ठेवायचा.

ट्रकच्या कमानीचे पाटे वापरत असाल तर ते कडक असतात, तसेच लावले तर बायमेटलही जातो. आम्ही भट्टीत लाल करून, चुंबक चिकटायचं बंद झालं की थोडं अजून तापवून राखेत पुरून ठेवतो, दुसऱ्या दिवशी सकाळी काढतो.

१३ मिलिमीटरचा पट्टा फार आवळून वळत नाही, साधारण अडीच इंच त्रिज्येपर्यंत जातो, त्यापेक्षा लहान बाक असला तर आधी बाजूने दोन-तीन उभे काप देऊन ठेवायचे. तरी फरक एवढा पडला की आता पाती उलटसुलट, एकाचं टोक दुसऱ्याच्या मुठीशी अशी आखता येतात, मीटरभर पट्टीत पाच बसायची तिथे सहा बसतात, आणि बेल्टवर फक्त रेघेपर्यंत घासायचं राहतं. भावाने तर एका सकाळी बावीस पाती कापली होती. बाबा आता भट्टीपाशी बसून असतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात की पट्टा बदला रे, किरकिर करून राहिला.

ती लाकडाची मशीन आम्ही विकली नाही. तिला लाकडाचा पट्टा चढवला, आणि सीपी (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सचं) सागवान, बाभूळ, शिसमच्या मुठी आता तिच्यावरच कापतो, ८०० मीटरच्या वेगाने, अगदी लोण्यासारख्या. काका मागच्या दिवाळीला आले तेव्हा दोन्ही मशीन चालू होत्या, बराच वेळ उभे राहून पाहत होते, जाताना आम्ही त्यांना बाभळीच्या मुठीची एक पावशी काकूंसाठी दिली.