काकूंचे मोदक आणि माझी सद्सद्विवेकबुद्धी

ख्रिस्ती माणसाला चूक काय बरोबर काय हे कळायला काय अवघड आहे, दहा आज्ञा आहेत की लिहून दिलेल्या, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. खून करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, यात खरंच कधी अडायला होत नाही, पाळायला जड जातं ते वेगळं पण बरोबर काय ते तरी माहीत असतं. मी अडते ती जिथे दोन्हीकडे आपलीच माणसं आहेत, दोघांवर प्रेम आहे आणि हातून एकच गोष्ट होऊ शकते तिथे. आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सगळ्यात जास्त जाणवतं ते गणपतीत.

प्रसाद घ्यायचा का? आमच्या नगरच्या घरी आजी सरळ हात जोडून सांगायची, "बाई, आम्ही घेत नाही, राग मानू नका." तिची सख्खी बहीण मुंबईत चाळीत राहिलेली, ती मात्र खुशाल खायची, म्हणायची मूर्तीत काही नाही असं मानतो ना आपण, मग खोबऱ्याला काय झालंय. दोघीही पहाटे उठून पवित्र शास्त्र म्हणजे बायबल वाचणाऱ्या, दोघींची प्रार्थना ऐकून मी मोठी झाले. त्यामुळे एक विश्वासू आणि दुसरी ढिली असं मला कधीच म्हणता आलं नाही, आणि अजूनही येत नाही.

बरं शास्त्रात उघडून बघावं तर तिथेही एका ओळीत उत्तर नाहीये. करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं शहर, देवळंच देवळं, बाजारात विकायला येणारं बरंचसं मांस आधी देवळात वाहिलेलं असायचं, त्यामुळे तिथल्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या समुदायाला, हाच प्रश्न पडला होता आणि येशूचा प्रेषित पौल याने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ८ ते १० असे तीन अध्याय यावर घातलेत. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा म्हणतो. कुणी जेवायला बोलावलं तर पुढे वाढतील ते खा म्हणतो. पण कुणी सांगितलंच की हे देवाला वाहिलेलं आहे तर खाऊ नका, आणि तेही तुमच्या नाही, त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. आणि त्याच १०व्या अध्यायात प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येणार नाहीत असंही ठणकावून सांगतो. बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात १५व्या अध्यायात यरुशलेममधल्या प्रेषितांची सभा मूर्तींना वाहिलेल्या अन्नापासून दूर राहा असं पत्र पाठवते, प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना याच गोष्टीवरून बोल लावलाय. म्हणजे माझी आजीही शास्त्रातूनच बोलत होती आणि तिची बहीणही.

मला या सगळ्यात सारखा आठवतो तो बायबलच्या जुन्या करारातला नामान. अरामाचा सेनापती, कुष्ठ बरं झालं, आता दुसऱ्या देवाला भजणार नाही म्हणाला, पण एक अडचण सांगितली, माझा राजा आमच्या रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा व्हावी. आणि त्याला बरं करणारा संदेष्टा अलीशा त्याला हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही, शांतीने जा एवढंच म्हणतो. मी लहानपणी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, ही गोष्ट ऐकली तेव्हा कुष्ठ बरं होण्यापाशीच संपायची. पुढच्या या दोन ओळी कुणी शिकवल्याच नाहीत आणि खरं तर आपल्याला त्यांचीच जास्त गरज आहे असं मला वाटतं.

तर आता गणपतीतलं. समोरच्या काकू, आई दवाखान्यात होती तेव्हा रात्रभर बाकावर बसून राहिलेल्या, त्या मोदकांचा डबा घेऊन आल्या. स्टीलचा डबा, आत केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर उकडीचे मोदक, झाकण उघडलं तर वाफ अजून होती आणि बाजूला तुपाची एवढीशी वाटी. "बाप्पाचा प्रसाद आहे गं, गरम आहेत तोवर खा." नेमकी त्या वेळी आमच्या मंडळीतली एक मुलगी घरी बसलेली, नुकताच बाप्तिस्मा घेतलेला, घरी प्रसाद घेत नाही म्हणून आई तिच्याशी धड बोलत नव्हती, त्यासाठीच रडायला आलेली. काकू गेल्या आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, तुम्ही खाणार?"

मी एकटी असते तर काय केलं असतं हा प्रश्न तिथे उरलाच नाही. मी खाल्ला असता तर देव रागावला असता असं मला वाटत नाही, खरंच नाही. पण ही पोरगी ज्याच्यासाठी घरात एवढं सोसतेय ते मी तिच्यासमोर दोन घासांत क्षुल्लक करून टाकलं असतं. पौल म्हणतो अन्नामुळे भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, ते वाक्य वाचायला सोपं आहे, समोर भाऊ बसलेला असला की कळतं. डबा झाकून ठेवला. संध्याकाळी आमच्या कामवाल्या मावशींना दिला, त्यांच्या नातवाने आवडीने खाल्ले.

मग दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी काकूंनी विचारलं, "कसे झाले होते?"

छान झाले होते म्हणायला एक सेकंद लागला असता. प्रेमाचंच खोटं, कुणाचं नुकसान नाही. पण काल ज्या विवेकासाठी खाल्लं नाही तोच आज खोटं बोलून गहाण टाकायचा? मी म्हटलं काकू, आम्ही देवाला दाखवलेलं खात नाही, तुमच्या प्रेमाला नाही म्हणत नाहीये, मावशींच्या नातवाला दिले. त्या काही क्षण गप्प झाल्या. मला वाटलं संपलं आता. तर म्हणतात, "आधी सांगायचंस ना वेडे, पुढच्या वेळी नैवेद्याच्या आधीच तुझे बाजूला काढून ठेवते."

घरी येऊन मी आनंदात नवऱ्याला सांगितलं आणि सांगता सांगताच थांबले. कारण काकूंच्या घरात नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणाला कणभर मिळत नाही, नातवंडं भुकेने रडली तरी नाही, हे मी इतकी वर्षं बघतेय. म्हणजे माझा विवेक राखायला त्या स्वतःचा मोडायला निघाल्यात. पौल विवेक म्हणतो तेव्हा तुझा नव्हे, दुसऱ्याचा म्हणतो, मग काकूंचा पण त्यात आला की नाही? त्या ख्रिस्ती नाहीत म्हणून त्यांचं सोवळं माझ्यासाठी काहीच नाही असं म्हणणं मला जमत नाही. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक, त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये, आणि मधल्या काळात त्या आपलं सोवळं-ओवळं सांभाळत होत्या तर टिळकांनी ते मोडून काढलं नाही, त्यांचं त्यांना उमजेपर्यंत थांबले. तिथे तर घरातलीच बायको होती.

मी काकूंना जाऊन सांगितलं की तुमचा नियम माझ्यासाठी मोडू नका, गणपती उठले की नंतर एखाद्या रविवारी माझ्यासाठी म्हणून करा, मी उपासनेहून येते आणि नारळ मी खवते. त्यांना पटलं. आईला काय सांगू असं त्या मुलीने विचारलंय त्याचं उत्तर मात्र माझ्याकडे अजून नाहीये, तिच्या घरात लिफ्टपाशी भेटून बोलायची सोय नाही, रोज एकाच ताटासमोर बसायचंय. रोमकरांस पत्रात १४व्या अध्यायात प्रत्येकाची स्वतःच्या मनाशी पक्की खात्री असावी म्हटलंय, ती खात्री मी तिला माझ्याकडची काढून देऊ शकत नाही. सध्या आम्ही दोघी दर बुधवारी तो अध्याय थोडा थोडा वाचतोय, आणि पुढच्या आठवड्यात तिच्या आईने मला चहाला बोलावलंय.