फिनितो अपडेट: लांबून येणाऱ्या अपरकटचं गूढ

मंडळी, सापडलं एकदाचं! मेक्सिकन बॉक्सर रिकार्डो लोपेझचा (टोपणनाव फिनितो) तो लांबून निघणारा उजवा अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा, ज्यावर मागचा सगळा अपडेट अडकून पडला होता, तो काल रात्री उलगडला.

अडचण तुम्हाला माहीतच आहे. अपरकट जवळून मारायचा, लांबून मारलास तर हनुवटी उघडी पडेल आणि समोरच्याचा सरळ हात आत येईल, हे कुठलाही कोच सुरुवातीलाच सांगतो. आणि हा माणूस जवळजवळ जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) अंतरावरून मारतो, तेही आधी खांदा न पाडता. मग ताकद येते कुठून? टोकियोत हिदेयुकी ओहाशीशी झालेल्या फाइटची (25 ऑक्टोबर 1990, पाचव्या राउंडला स्टॉपेज, पहिलं वर्ल्ड टायटल) नेटवरची कॉपी घेऊन बसलो तर एका फ्रेममध्ये हात खाली, पुढच्या फ्रेममध्ये वर, मधलं गायब. जपानमधलं जुनं ब्रॉडकास्ट इंटरलेस्ड असतं, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं (फील्ड), सेकंदाला 59.94, आणि अपलोड करताना त्यातली निम्मी फेकून 29.97 फ्रेम करतात. नेमकी आपल्या कामाची निम्मी!

शेवटी एका मित्राने कॅसेटवरचं कच्चं कॅप्चर पाठवलं, काही न उडवलेलं. यॅडिफ (डीइंटरलेस करणारा, म्हणजे फील्डच्या पूर्ण फ्रेम बनवणारा फिल्टर) लावून प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम केली आणि एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडली. (एमपीव्हीच वापरा, स्वल्पविराम दाबला की एक फ्रेम मागे जाता येतं, या कामाला त्याच्याइतकं सोयीचं मला दुसरं काही मिळालं नाही.)

तर उत्तर अपरकटमध्ये नाहीच, त्याच्या आधीच्या डाव्या हुकमध्ये (बाजूने वळून येणाऱ्या ठोशात) आहे. हुक फिरतो तसं वजन डाव्या पायावरून उजव्यावर येतं, उजवा खुबा मागे जाऊन त्यात जोर साठलेला असतो, म्हणजे अपरकटची तयारी हुक चालू असतानाच उरकलेली, वेगळं वाकायची गरजच नाही. समोरचा हुक अडवायला हात कानाकडे नेतो, कोपरं उघडतात, आणि अपरकट त्या फटीतून वर. तोवर डावा हात गालाशी परत आलेला असतो. हनुवटी उघडी पडत नाही ती यामुळे. किती सुंदर आहे हे!

51 विजय, 1 ड्रॉ, हार शून्य, आणि तरी ग्रेट बॉक्सर्सच्या गप्पांत नाव निघत नाही, का तर वजन 105 पाउंड. मला हे मनापासून खटकतं. मोठ्या वजनात एक ठोसा बसला की सगळ्या चुका झाकल्या जातात, इथे पायांची जागा चुकली तर बारा राउंड भोगावं लागतं. तो एकमेव ड्रॉसुद्धा बघा, मार्च 1998, रोसेंडो अल्वारेझने दुसऱ्या राउंडला पाडलं, उठला आणि परत तेच स्टान्स, तेच जॅब. डोक्याला डोकं लागून जखम झाली म्हणून फाइट थांबली, नोव्हेंबरच्या रीमॅचमध्ये जिंकला. त्याचा कोच नाचो बेरिस्ताइनची शिकवण अंगात किती मुरली होती ते तिथे कळतं.

आता माझं. गच्चीवरच्या पंचिंग बॅगवर हुक-अपरकट पहिल्यांदाच एका दमात निघाला, खूप छान वाटलं! पण सरळ टांगलेल्या बॅगवर अपरकट घासून जातो. आणि वाळू भरलेली बॅग घेऊ नका, दुकानदार काहीही सांगो, वाळू तळाला बसून दगड होते. चिंध्या भरा.

पुढे लोपेझची त्याच वजनाच्या इव्हान काल्देरोन या बॉक्सरशी तुलना करणार होतो, पण हे टाइप करतानाच सुचलं, बॅग दोन दोरांनी आडवी टांगली तर खालून मारायला सपाट जागा मिळेल. आणि दुसरं, मुद्गल फिरवताना खुब्यावरून वजन असंच इकडून तिकडे जातं ना? इथे बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या कृपेने मुद्गल फिरवलेली जुनी मंडळी भेटतात, त्यांना विचारतो. काल्देरोन थांबेल. आधी आडवी बॅग, मग मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमने स्वतःचं शूटिंग, आणि ते फिनितोच्या फील्डशेजारी लावून बघायचं. कोणाकडे लोपेझच्या सोर्जातुराँगविरुद्धच्या फाइटचं (1993) कच्चं कॅप्चर असेल तर प्लीज कळवा, आणि डीइंटरलेस करून पाठवू नका.