जुन्या फिल्मचं गाव आणि साल ठरवताना

१८९९ सालची 'पॅनोरमा ऑफ कलकत्ता' ऑनलाइन बघायला मिळते. नावात कलकत्ता, पडद्यावर मात्र काशीचे घाट. इंग्रजी अमदानीतल्या फिल्मांच्या नावांवर किती भरवसा ठेवायचा ते यावरून कळावं. डब्यावरची चिठ्ठी मी सगळ्यात शेवटी वाचते.

आधी फिल्मच्या पट्टीची रुंदी. ३५ मिमी आणि जुनी असेल तर नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची, शक्यता धरायची. नायट्रेट पेटलं की त्याला बाहेरची हवा लागत नाही, पाण्याखालीही जळतं. अशी रीळ चिकट झाली असेल, बुडबुडे आले असतील, तर उलगडायच्या फंदात पडू नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी विचारावं. साहेबलोकांच्या घरगुती फिल्मा बहुतेक १६ मिमीच्या. ही फिल्म १९२३ साली आली, तेव्हा १६ मिमीच्या डब्यावर '१९११' दिसलं तर ती नंतर काढलेली प्रत, नाहीतर सालच चुकीचं.

१६ मिमीला आगीचं भय नाही, पण डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर अॅसिटेट, म्हणजे या फिल्मच्या पट्टीचं प्लास्टिक, कुजू लागलंय. अशी फिल्म आकसते. पोलादी पट्टीवर काठाच्या पहिल्या छिद्राच्या कडेपासून एकशे एकाव्या छिद्राच्या त्याच कडेपर्यंत मोजायचं (शंभरावं धरलं की हिशेब चुकतो). चांगल्या फिल्मला ७६२ मिमी भरतात. ७५४ च्या खाली आलं म्हणजे एक टक्क्याहून जास्त आकसली; प्रोजेक्टरचे दात छिद्रं फाडणार. हातानेच गुंडाळायची.

मग भिंगाखाली काठ. कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात, त्यांवरून साल निघतं. पण खुणा वीस वर्षांनी पुन्हा त्याच येतात: १९२७ ची खूण १९४७ लाही. शिवाय ते साल कोरी फिल्म बनल्याचं. चित्रण वर्ष-दोन वर्षांनी झालेलं असू शकतं. प्रत काढताना मूळ फिल्मची खूणही कधी उमटते, तेव्हा दोन वेगळ्या खुणा दिसल्या तर गोंधळू नये.

चित्रावरून साल काढायला मुंबई फार सोयीची. विजेची ट्राम ७ मे १९०७ पासून, दुमजली ट्राम १९२० पासून, बस १५ जुलै १९२६ पासून. गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन डिसेंबर १९२४ मध्ये झालं. २ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरले तेव्हा ती कमान नव्हतीच. तरी राजाच्या आगमनाचं वर्णन आणि मागे दगडी गेटवे, असं जोडकाम सर्रास आढळतं. मात्र वस्तू दिसली तरच पुरावा. बस दिसली नाही म्हणून १९२६ च्या आधीची, असं म्हणता येत नाही. कॅमेरा त्या रस्त्याला वळलाच नसेल.

आरशातलं चित्र हा दुसरा घोळ. मूळ फिल्म आणि तिची प्रत यांची रसायनाची मंद बाजू बऱ्याचदा उलट असते. स्कॅन करणाऱ्याने नेहमीच्या सवयीने लावली की डावं-उजवं बदलतं. दुकानाच्या पाट्या वाचता येत नसतील तर टांगे, मोटारी डावीकडून चालताहेत का बघावं.

वेगाचंही तसंच. १६ मिमीच्या १०० फुटांत ४००० चौकटी, म्हणजे एकेक स्थिर चित्रं. सेकंदाला १६ ने ४ मिनिटं १० सेकंद, २४ ने जेमतेम २ मिनिटं ४७ सेकंद, आणि मग सगळी माणसं तुरुतुरु पळतात. स्कॅन करताना एका चौकटीची एकच प्रतिमा मागून घ्यावी, वेग नंतर ठरवावा. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचा वेग एकाच दृश्यातही बदलतो. घोड्याची चाल किंवा पडतं पाणी बघून जुळवते.

नोंदीत जुनं नाव खोडत नाही. खाली लिहिते: 'मुंबई, १९२७ ते १९२९ चा सुमार. आधार: काठावरची खूण, बस, मोटारींची घडण.'