टेक्ससमधल्या हायस्कूल बँडचं एक वर्ष

अकरावीत मुलांनी बँड ठेवावा की सोडावा, यावर ह्यूस्टनच्या उपनगरांतल्या आपल्या मराठी घरांमध्ये दरवर्षी चर्चा होते. मूळ कारण आकड्यांचं आहे. आमच्या शाळेत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयात ए मिळाला तर ५ गुण धरतात, बँडमध्ये ए मिळाला तर ४. म्हणजे बँडमध्ये कितीही चांगलं काम केलं तरी एपीवाल्या मुलांपुढे सरासरी खालीच येते. त्यात १९९७च्या कायद्याने टेक्ससमध्ये वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो, आणि ऑस्टिनच्या विद्यापीठाची रेषा त्याहून कडक आहे. २०२६च्या प्रवेशापासून ती ५ टक्क्यांवर आली. त्यामुळे ओळखीतल्या कितीतरी मुलांची वाद्यं दहावीनंतर कपाटात गेली.

आमची मुलगी क्लॅरिनेट वाजवते. तिने ठेवायचं ठरवलं आणि आम्ही तिच्या बाजूने उभे राहिलो. ते वर्ष नेमकं कसं जातं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे बँड हा इथे हौसेचा शाळेनंतरचा क्लास नाही. वेळापत्रकातला रोजचा तास आहे, त्याचं क्रेडिट मिळतं, परीक्षा होते. शिवाय १९८४पासून राज्यात नियम आहे की एपीसारखे सूट दिलेले विषय सोडून कोणत्याही विषयात ७०च्या खाली गेलात, तर ठरावीक काळ (आता तीन आठवडे) कार्यक्रमांत आणि स्पर्धांत भाग घेता येत नाही. ‘नो पास, नो प्ले’ म्हणतात त्याला. आपल्या लोकांना वाटतं बँडमुळे अभ्यास मागे पडतो. मी उलटंच पाहिलं. कॉन्सर्टच्या आठवड्यात केमिस्ट्रीत अडकलेल्या ट्रम्पेटवाल्या मुलाला क्लॅरिनेटच्या मुली बँड हॉलमध्ये जमिनीवर बसवून शिकवत होत्या.

शरद ऋतू मैदानावर गेला. फुटबॉलचे सामने, कूच करत वाजवणं, आणि बूस्टर क्लबच्या आम्हा पालकांना नाचोच्या स्टॉलवरची पाळी. गणेशोत्सवातल्या मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही त्या वर्षी फक्त आरतीपुरते पोचलो. याबद्दल मंडळात नाराजी असते, पण मुलं ऐन सरावाच्या हंगामात असतात हे समजून तारखा ठरवायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग रीजनची, म्हणजे आसपासच्या शाळांमधून निवडलेल्या बँडसाठीची ऑडिशन. राज्यभरच्या बँडच्या मुलांना उन्हाळ्यातच त्याच एट्यूड (सरावाच्या छोट्या रचना) जाहीर होतात, आणि त्या महिनोन् महिने घोटायच्या. प्रत्यक्ष खोलीत परीक्षक पडद्याआड बसतात. मुलांना नाव नसतं, नुसता क्रमांक. तोंडातून शब्द काढायचा नाही. काही विचारायचं असेल तर मदतनीसाच्या कानात. कोण कुठल्या शाळेचं, काळं की गोरं, मुलगा की मुलगी, आत कोणालाच कळत नाही. मला ही पद्धत फार आवडली. आमची मुलगी रीजनच्या बँडमध्ये आली, पण पुढच्या पायरीच्या, एरियाच्या ऑडिशनसाठी लागणाऱ्या जागांमध्ये नाही, म्हणजे फेब्रुवारीत सॅन अँटोनियोला जमणाऱ्या ऑल-स्टेटचा, राज्यभरातून निवडलेल्या बँडचा रस्ता तिथेच थांबला. दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी पाहुण्या कंडक्टरबरोबरच्या सरावाला गेली आणि परत आली ती एका वळणाच्या स्वरबांधणीबद्दल जेवणभर बोलत.

नाताळची सुट्टी संपली की म्युझिकल, म्हणजे शाळेचं संगीत नाटक. यात बँडमधली निवडक मुलं पिटमध्ये, रंगमंचासमोरच्या वादकांच्या जागेत वाजवतात. तिच्या हाती जी वही आली तिच्यावर नुसतं ‘रीड २’ लिहिलेलं. व्यावसायिक रंगभूमीवर ही वही घेणारा एकच वादक क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असं आळीपाळीने वाजवतो. आमच्याकडे दोघींनी वाटून घेतली. वह्या परवाना देणाऱ्या कंपनीकडून भाड्याने येतात, म्हणून खुणा फक्त पेन्सिलीने, आणि शेवटच्या प्रयोगानंतर सगळ्यांनी बसून त्या खोडून परत करायच्या. आदल्या आठवड्यात रोज रात्री उशिरापर्यंत दिव्यांची, माइकची, नेपथ्याची तालीम. डबा गाडीतच. खरी कसरत मात्र ‘व्हॅम्प’ची. नटाचं वाक्य संपेपर्यंत त्याच चार मात्रा फिरवत राहायचं आणि कंडक्टरचा हात वर गेला की पुढे जायचं.

माझ्या सासूबाई त्या हिवाळ्यात सांगलीहून आल्या होत्या. लहानपणापासून संगीत नाटकं पाहिलेल्या. इंग्रजी संवाद त्यांना फारसे कळले नाहीत, पण मध्यंतरात त्या उठून रंगमंचाजवळ गेल्या आणि पिटमध्ये डोकावून उभ्या राहिल्या. घरी येताना नातीला म्हणाल्या, “अगं, तुमच्या सरांचं लक्ष कागदावर नव्हतंच. त्या गाणाऱ्या पोराच्या तोंडाकडे होतं. आमच्याकडे ऑर्गनवाले असेच बसायचे.” “आजी, बरोबर! आम्हाला पण ते हेच सांगतात,” म्हणत ही तिच्या गळ्यातच पडली. तोपर्यंत आजीला वाटत होतं नात काहीतरी परकं शिकतेय. नंतर सासूबाई रोज रियाजाच्या वेळी खुर्ची घेऊन तिच्या खोलीत बसायला लागल्या.

वसंतात यूआयएल, म्हणजे राज्यातल्या शाळांच्या बँडची स्पर्धा. आपल्याला स्पर्धा म्हटलं की पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक आठवतो. इथे तसं नाही. प्रत्येक बँडला एक ते पाच अशी श्रेणी मिळते, एक म्हणजे सर्वोत्तम, आणि आलेल्या सगळ्या बँडना एक मिळू शकते. आधी रंगमंचावर तयार केलेल्या रचना. मग लगेच दुसऱ्या खोलीत, कोणीही कधी न पाहिलेली रचना. कागद उघडतात, कंडक्टरला ठरावीक मिनिटं मिळतात, त्यात तो बोलून समजावतो. वाद्य वाजवायचं नाही. मुलं बोटं फिरवतात, ओळ गुणगुणतात, ताल धरतात. मग एकदाच वाजवायचं.

तालवाद्यं ढकलायला मदतनीस म्हणून गेले होते, म्हणून मला ते मागून पाहता आलं. सरांनी सगळा कागद समजावला नाही. जिथे गाडी रुळावरून घसरेल अशा तीनच जागा दाखवल्या: स्वरपट्टी कुठे बदलते, शांतता कुठे आहे, आणि हरवलात तर कोणाला ऐकायचं. वाजवताना एका ठिकाणी ट्रोम्बोन खरंच हरवले. क्लॅरिनेटची ओळ थोडी मोठी झाली आणि दोन-तीन मापांत ते परत आले. आमच्या मुलीला वर्षभर रोजच्या तासात काय शिकवलं, ते मला त्या खोलीत दिसलं. दोन्हीकडे श्रेणी एक आली. ट्रॉफी शाळेच्या कपाटात आहे.

मे महिन्यात बँक्वेट. हॉटेलचा हॉल, गोल टेबलं, मुलं साडी-शेरवानीसकट काय वाटेल ते नटून. बारावीच्या मुलांचे फोटो पडद्यावर. बँडचा सगळ्यात मानाचा समजला जाणारा जॉन फिलिप सूसा पुरस्कार, जो १९५५पासून शाळांमध्ये दिला जातो, बारावीतल्या ट्यूबावाल्या मुलीला मिळाला. ती ऑल-स्टेटला कधीच गेली नव्हती, पण चार वर्षं नव्या मुलांना बसमध्ये शेजारी बसवून घेत होती. टाळ्या थांबेनात. पुढच्या वर्षीचे सेक्शन लीडर जाहीर झाले, त्यात क्लॅरिनेटला आमच्या मुलीचं नाव आलं.

म्हणजे यंदा नववीतल्या नव्या मुलांचा सराव तिलाच घ्यायचाय. क्लॅरिनेटचे पॅड जुने झालेत, ते नव्या एट्यूड जाहीर व्हायच्या आत दुरुस्तीला द्यायचंय. आणि ज्या ओळखीच्या घरांत सध्या ‘ठेवायचा की सोडायचा’ चाललंय, त्यांना मी आमच्या शाळेच्या वसंतातल्या कॉन्सर्टला बोलावलंय. प्रवेश मोफत असतो.