बिनचहाचे शेजारी

घरी आलेला माणूस चहाला नको म्हणाला की आपण पुन्हा विचारतो. पुन्हा नको आलं तर 'बरं, अर्धा कप?' तेही नको असेल तर कॉफी. या चारही पायऱ्या चढून कुणी कोरड्या तोंडाने परत गेलेलं मी बासष्ट वर्षांत पाहिलं नव्हतं. ते घानाच्या राजधानीत, अक्राला पाहिलं.

लेकीच्या बाळाला सांभाळायला आम्ही दोघं घानाला गेलो होतो. पिवळ्या तापाची लस टोचून, डिंकाचे लाडू, आळीव, मेतकूट आणि कुकरच्या दोन जास्तीच्या रिंगा घेऊन. पुण्यात आमच्या सोसायटीतले निम्मे आजी-आजोबा आळीपाळीने न्यू जर्सीत नाहीतर सॅन होजेत असतात. सहा महिन्यांची ड्युटी, ती संपली की विहीणबाई बदली कामगार म्हणून रुजू. आमच्या वाट्याला अक्रा आलं, कारण जावई टेमाच्या एका कारखान्यात. हे टेमा म्हणजे जिथून शून्य रेखांश जातो ते बंदर. तीस वर्षं भूगोल शिकवताना नकाशावर ज्या रेषेवर पट्टी ठेवली, ती प्रत्यक्षात रोज ओलांडून जावई कामाला जायचा, याचं कौतुक घरात मला एकटीलाच होतं.

वरच्या मजल्यावर एक अमेरिकन जोडपं राहायचं. दोघंही सत्तरीच्या आसपास. ते पांढरा शर्ट आणि टायमध्ये, त्या घोट्यापर्यंतच्या स्कर्टमध्ये, आणि दोघांच्याही छातीवर काळी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत आडनाव आणि चर्चचं नाव. "मिशनरी आहेत," आमचे हे पहिल्याच दिवशी म्हणाले. "आता बघ, दार वाजवतील."

दार वाजलं खरं. पण प्रश्न आला तो "तुमच्या टाकीत पाणी आहे का?" असा. गच्चीवरच्या पॉलिटँकचा, म्हणजे आपल्या सिंटेक्सचा, कॉक अडकला होता. ह्यांनी टॉर्च धरला, त्यांनी पाना फिरवला. गृहस्थ युटामधले, जन्मभर प्लंबिंग केलेले. ईश्वराचा विषय काही निघाला नाही. निघाला तो वॉशरचा.

त्या उपकाराची परतफेड म्हणून मी आल्याचा चहा टाकला आणि वर सांगितलेली चढाई सुरू झाली. चहा नको. कॉफी नको. लेकीने कपाटातून ग्रीन टी काढला, हल्लीची मुलं ज्याला औषध समजतात तो. तोही चालत नाही म्हणाले. त्यांच्या पंथात, आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो त्यांच्यात, 1833 सालच्या शिकवणीनुसार दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य. दारू-तंबाखूचं मी समजू शकते. पण चहाला त्या रांगेत उभं केलेलं पाहून मला आमच्या टपरीवाल्याचा चेहरा आठवला. शेवटी त्यांनी गार पाणी घेतलं आणि वर "फार छान" म्हणाले. पाण्याला.

गवती चहा त्यातूनच सुचला. अक्रात तो सहज मिळतो, ताप आला की तिथेही त्याचा काढा करतात. पत्ती नाही, म्हणजे चहा नाही, म्हणजे चालतं. आलं ठेचून, गवती चहाची चार पाती मुरडून, साखर घालून उकळलं आणि कपात गाळलं. सिस्टरांनी दोन कप घेतले. मी कढईतून निघालेल्या पहिल्या जिलबीकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघत बसले होते.

सिस्टर म्हणजे त्या बाई. मिशनवर असेपर्यंत सगळ्यांनी त्यांना सिस्टर आणि आडनाव असं म्हणायचं, त्यांच्या यजमानांना एल्डर आणि आडनाव. एल्डर म्हणजे थोरला. गंमत अशी की त्यांच्याकडे येणारी अठरा-एकोणीस वर्षांची पोरंही एल्डरच. मिसरूड फुटलेलं नाही, मानेवर घामोळं, आणि म्हणे थोरले. ही मुलं दोन वर्षांसाठी येतात, जोडीजोडीने राहतात आणि खरं दार वाजवायचं काम त्यांचं. म्हातारी जोडपी त्यांच्या मागची व्यवस्था बघतात: ऑफिस, गाड्या, भाडेकरार, आजारपणं. आमच्या वरच्यांकडे फ्लॅट तपासायचं काम होतं. सकाळी सातला पिकअप काढायची, लाल मातीच्या रस्त्यांवरून ट्रोट्रोंच्या, म्हणजे तिथल्या शेअर मिनीबसच्या, गर्दीतून वाट काढत जायचं आणि मुलांच्या खोल्या बघायच्या. फ्रीज चालतो का, पाण्याचा फिल्टर बदलला का, मच्छरदाणीला भोक आहे का, धुराच्या अलार्ममधली बॅटरी कुणी रिमोटला लावली आहे का. ती बहुतेक वेळा लावलेली असायची म्हणे. सिस्टर फ्रीज उघडून काय काय सापडलं ते सांगायच्या आणि मला माझ्या भाच्याची एफसी रोडमागची कॉट बेसिस खोली डोळ्यांपुढे यायची. मग ओरडा आणि मग घरी केलेले दालचिनीचे रोल. या क्रमाने काम चालतं.

एल्डर डावखुरे होते आणि घानात डाव्या हाताने काही देणं म्हणजे अपमान. दुकानदाराला पैसे देताना सिस्टर मागून कोपराने ढोसायच्या. मी म्हटलं, आमच्या आजीने तर पट्टी मारली असती.

या सगळ्याचा खर्च बहुतांशी त्यांचा त्यांनीच करायचा. जोडपी स्वतःच्या पेन्शनीतून भागवतात. कुठे जायचं ते सांगता येत नाही; आवड कळवता येते, पण पत्रात जे नाव येईल तिकडे जायचं. ह्यांना ते फार पटलं. बँकेत असताना ह्यांनी कोल्हापूर मागितलं होतं आणि गडचिरोली मिळालं होतं.

मिशनरी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वेगळीच माणसं येतात. 1827 साली मुंबईत उतरलेल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते त्यांच्याकडे. फरार बाई परत गेल्या नाहीत, नगरलाच वारल्या. या वरच्या जोडप्याचं मिशन अठरा महिन्यांचं होतं. त्या मानाने हे म्हणजे लांबलेली बदली, असं मी मनात म्हणून टाकलं होतं. पण घानात या चर्चचे पहिले अधिकृत मिशनरी आले तेच असे, उतारवयातली दोन जोडपी: मेबी पती-पत्नी आणि कॅनन पती-पत्नी. ते 1978 च्या डिसेंबरात आले. आणि त्यांची वाट बघत बिली जॉन्सन नावाचा एक घानियन माणूस 1964 पासून थांबला होता. त्या चर्चची पुस्तकं वाचून त्याने स्वतःच भक्तांच्या मंडळ्या उभ्या केल्या होत्या. मिशनरी येत नव्हते, कारण कृष्णवर्णीय पुरुषांना त्या चर्चमध्ये पौरोहित्याचं पद मिळत नसे. तो नियम 1978 च्या जूनमध्ये उठला. हे एल्डरांनी मी न विचारता सांगितलं आणि मग बराच वेळ कप फिरवत बसले. मीही काही बोलले नाही. देवळात कुणाला कधी आत घेतलं, हा हिशेब आपल्याकडेही काही फार जुना नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास. दोन जेवणं सोडायची, पाणीसुद्धा नाही आणि त्या जेवणांचे वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. मी आमचा उपास समजावून सांगितला: साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ, बटाट्याचा कीस, केळ्याचे वेफर्स. सिस्टरांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि उपास कधी असतो?" त्यातून आपला साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदाचा, तोच कंद कच्च्या केळ्याबरोबर उखळात कुटून घानात फुफू करतात. म्हणजे आख्खा देश रोज दुपारी उपासाचं खातो, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा एल्डर खुर्चीवरून पडायचे बाकी होते.

डिसेंबरात हरमाटन सुटला. सहाराकडून येणारी ती कोरडी, धुळीची हवा. ओठ फुटतात, वाळत घातलेले कपडे तासाभरात कडकडीत आणि वर पिठूळ. त्यात एका रविवारी रात्री डमसॉर झालं. वीज जाणं-येणं याला तिथे डमसॉर म्हणतात, बंद-चालू. आपल्या लोडशेडिंगपेक्षा शब्द बरा, त्यात चालूही आहे. वरची दोघं मोबाइल घेऊन आमच्या गॅलरीत आली, कारण आमच्याकडे इन्व्हर्टर होता आणि रविवारी आठ म्हणजे युटात दुपारचा एक, सगळी नातवंडं जेवणाला जमायची वेळ. एकोणीस नातवंडं. स्क्रीनवर डोकी मावत नव्हती. सगळ्यात शेवटी कुणीतरी तीन दिवसांचं बाळ पुढे धरलं, एकोणिसावं. सिस्टरांनी ते आधी पाहिलेलं नव्हतं.

फोन संपल्यावर त्यांनी आमच्या बाळाला मागितलं. घेतानाच कळलं, हात सवयीचा आहे. मानेखाली कोपर, अंगठा कानामागे. बाळ त्यांच्या नावाच्या पट्टीला ओढू लागलं तेव्हा त्यांनी ती काढून माझ्याकडे दिली.

मला राहवलं नाही. म्हटलं, नातवंडं सोडून कशा आलात? सुनेचं बाळंतपण होतं ना?

"तुम्ही कशा आलात?" त्यांनी विचारलं.

"लेकीचा कॉल आला."

"आम्हालाही कॉलच आला," त्या म्हणाल्या. मिशनच्या त्या पत्राला त्यांच्यात कॉलच म्हणतात. दोघी हसलो. पण मला ते पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही नाही. माझ्या हिशेबात नातवाचं पहिलं न्हाणं कुणाच्याही फ्रीजपेक्षा मोठं. मात्र त्याच आठवड्यात त्यांचा एक एल्डर मलेरियाने फणफणला आणि सिस्टर दोन रात्री त्याच्या उशाशी होत्या. पोराची आई अमेरिकेत. 2019 पर्यंत तर या मुलांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा. आता आठवड्याला येतो. त्याच्या आईला फोनवर काय सांगितलं असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "सांगितलं की तो पेज खातोय." पेज माझी होती. मेतकूटही माझंच.

मार्चमध्ये विहीणबाई रुजू झाल्या आणि आमची सुटका झाली. निघताना गवती चहाची कुंडी मी वर नेऊन दिली. पुढे जूनमध्ये त्यांचेही अठरा महिने भरले. तेव्हा सिस्टरांचा मेसेज आला, बरोबर एक फोटो: दोन कोवळे थोरले, पांढऱ्या शर्टात, मध्ये माझी कुंडी धरून ओशाळे उभे. खाली नव्या जोडप्यासाठी केलेली तपासणीची यादी होती. फ्रीज. पाण्याचा फिल्टर. मच्छरदाणी. अलार्मची बॅटरी. आणि शेवटी पेनाने वाढवलेलं: गवत, दिवसाआड पाणी.